आट्यातली खूण

बसगोंडा मगदूमच्या उजव्या हाताची दोन बोटं मी शिकंज्यात धरली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं, पंखा चालू होता आणि टेबलावर एक जर्मन लेन्स सुटी होऊन पडली होती.

"कोण कोण होतासा? नावं सांग," मी म्हणालो.

"कशात, मिस्त्री? आईशप्पत, काय इचारताय तेच मला कळंना."

मी दांडा पाव फेरा फिरवला. तो असा ओरडला की पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. मी रंगराव सुतार, वय एकतीस. सकाळी तालमीत दोन तास लाल मातीत लोळायचं आणि नंतर दिवसभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू काढायचे, असा माझा धंदा. माझे उस्ताद गुलाबभाई म्हणायचे, "रंग्या, तुझे हात साधूचे हाईत, पण डोस्कं वळूचं हाय." उस्ताद जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हात त्यांनी घडवले, डोक्याचं मात्र त्यांच्याच्यानं काही झालं नाही.

बसगोंडा आला तो दुपारी एकच्या सुमाराला. गडहिंग्लजकडचा, पस्तिशीचा, पांढरी पँट घातलेला, तोंडात तंबाखू. लग्नाचे फोटो काढायचा.

"मिस्त्री, ही रिंग बघा की. दोन हातांनी फिरवावी लागतीया. तवर नवरानवरी हार घालून मोकळी!" तो हसत म्हणाला. "उद्या बारसं हाय. आजच्या आज पायजे."

मी लेन्स हातात घेतली. एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. काळी पडलेली, पण काच चांगली. रिंग खरोखरच घट्ट होती. अगदी अशीच लेन्स माझ्या दादाची होती.

दादा माझ्या शेजारीच स्टुलावर बसला होता. जयसिंग सुतार हे नाव तेव्हा कोल्हापुरातल्या कुठल्याही पैलवानाला विचारा, ओळखायचा. कुस्तीचे फोटो काढावे तर जयसिंगनं. दोघं पैलवान हवेत असताना तो खटका दाबायचा. अकरा महिन्यांपूर्वी कागलकडचं एक मैदान उरकून मोटारसायकलवरून परत येताना कुणीतरी त्याला कालव्याजवळ अडवलं. मागून डोक्यात घातलं आणि मग, का ते देव जाणे, उजवा हात दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचला. कॅमेऱ्याची बॅग नेली. एकोणीस दिवसांनी दादा शुद्धीवर आला तेव्हा जीभ जड झाली होती, त्या संध्याकाळचं त्याला काही आठवत नव्हतं आणि उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पोलिसांनी लेन्सचा नंबर विचारला. गावभरच्या लेन्सांचे नंबर माझ्या वहीत होते, सख्ख्या भावाचा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या हल्ल्याच्या आधी आठच दिवस मी ती लेन्स उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून दादाला दिली होती. रिंग फिरवून बघत तो म्हणाला होता, "रंग्या, लोण्यासारखी झाली की रं!" धडपणे बोललेलं त्याचं माझ्याजवळ उरलेलं ते शेवटचं वाक्य.

दादाला घरी करमेना म्हणून वहिनी त्याला सकाळी दुकानात आणून सोडायची. डाव्या हातानं तो माझ्या सुट्या भागांना ब्रश मारायचा, पेट्रोलात धुवायचा. निघालेला मळ तो पांढऱ्या फडक्यावर पुसून ठेवायचा. ही उस्तादांची पद्धत होती. गिऱ्हाइकाला ते फडकं दाखवायचं, म्हणजे लेन्सच्या पोटात काय साचलं होतं ते त्याला कळतं.

"कुठनं घेतलीसा ही?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"निपाणीत. एकजण इकत हुता," बसगोंडा म्हणाला.

मी तीन बारीक स्क्रू काढले, वरची रिंग उतरवली. आत एकात एक बसणाऱ्या दोन पितळी नळ्या असतात आणि दोन्हींना आटे, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या खाचा, असतात. रिंग फिरवली की त्या आट्यांवरून काच पुढंमागं सरकते. साध्या बरणीच्या झाकणाला आटा एकच असतो, इथं मात्र पाचसहा आटे शेजारी शेजारी सुरू होतात. नळी भलत्या आट्यात शिरली तर लेन्स दिसायला जुळते, पण लांबचं म्हणून कधी स्पष्ट दिसत नाही. म्हणून नळ्या जिथं एकमेकींपासून सुटतात, तिथं टोच्यानं खूण करायची. परत तिथंच जोडायची.

मी नळी हळूहळू फिरवत बाहेर काढत होतो. आटे करकरत होते. जुनं ग्रीस पिवळं पडून बाभळीच्या डिंकासारखं चिकट झालं होतं. नळी सुटली. मी ती उजेडात धरली.

खूण आधीच होती. बाहेरच्या नळीवर एक आडवी रेघ आणि आतल्या नळीवर दोन ठिपके, दुसरा ठिपका पहिल्यापेक्षा केसभर खाली.

ती माझी खूण होती. गुलाबभाईंनी मला शेवटच्या वर्षी शिकवलेली. दुकानात कुणी नसताना त्यांनी माझा हात धरून पितळेवर काढून घेतली होती. म्हणाले होते, "ही निस्ती तुला दिली रंग्या. दुसऱ्या कुणाला न्हाई. अंधारात बी ह्या खुणंवरनं तुझं काम वळखू यील." तेव्हापासून मी उघडलेल्या प्रत्येक लेन्सच्या पोटात ती होती आणि या बनावटीची लेन्स मी जन्मात एकच उघडली होती, दादाची.

मी नळ्या शांतपणे दादापुढं सरकवल्या आणि म्हणालो, "निपाणीत कुणाकडनं म्हणालासा?"

"आता नाव कुटलं ध्यानात ऱ्हातंय?" बसगोंडाची नजर दाराकडं गेली. "म्हंजे तसं बगाय गेलं तर पाव्हण्यांचीच हाय. पाव्हण्यांनी दिली."

"मघाशी इकत घेतली म्हणालासा."

"ह्ये बगा मिस्त्री, तुमी पोलिस हाय का? लेन्स नीट करा आन् द्या."

मी उठलो आणि शटर खाली ओढलं. बसगोंडा हसला. त्याला वाटलं, जेवायची वेळ झाली म्हणून दुकान बंद करतोय. तो तसाच हसत असताना मी त्याचा एक पाय ओढून एकेरी पट काढला. बसगोंडा पाठीवर पडला, डोकं काउंटरच्या कोपऱ्यावर आपटलं आणि तोंडातला तंबाखू छातीवर सांडला. मी त्याच्या पोटावर गुडघा दिला.

"माझ्या भावाला वळखतोस?"

"न्हाई वो! कोन भाऊ?"

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दुसरा मारला तेव्हा दाताचा तुकडा माझ्या बोटात रुतला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. अकरा महिने मी वहिनीच्या समोर मान खाली घालून जेवत होतो, दादाच्या तोंडाची लाळ पुसत होतो आणि रात्रंदिवस ज्याला तोंड नव्हतं त्या माणसाला मनातल्या मनात मारत होतो. आता त्याला तोंड मिळालं होतं.

त्याची धडपड चालू होती. एकदा त्यानं माझ्या दंडाचा चावा घेतला, एकदा पायानं स्टँड पाडलं. तीन कॅमेरे खाली पडून फुटले. मी त्याला मानगुटीला धरून उठवला आणि टेबलाच्या टोकाला लावलेल्या शिकंज्याजवळ नेला. त्याचा उजवा हात पिरगाळला, मधली दोन बोटं जबड्यात घातली आणि दांडा आवळला.

"असाच हात ठेवला हुतासा न्हवं त्याचा? दगडावर?"

"मिस्त्री, पाया पडतो. लेन्स ठेवून घ्या. मला सोडा."

"नावं सांग."

मी पाव फेरा फिरवला. तेव्हा तो ओरडला ते मघाशी सांगितलंच. नंतर आणखी पाव. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो, सुकी शेंग मोडावी एवढाच होतो. त्याची पांढरी पँट पुढून ओली झाली.

मागं दादा टेबलावर पत्र्याचा डबा आपटत होता. उत्तेजित झाला की त्याला शब्द फुटायचे नाहीत. गळ्यातून नुसता आवाज यायचा. मी वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डाव्या हातात ते पांढरं फडकं होतं आणि ते तो माझ्याकडं बघत हलवत होता. तालमीत वस्ताद असंच फडकं हलवून पोराला चेव आणतात. मला वाटलं, दादा म्हणतोय, मार.

"बघतोस न्हवं दादा?" मी ओरडलो. "ह्योच त्यो. गावला!"

"व्हय, म्याच," बसगोंडा एकदम म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. "म्याच मारलं. म्या मारलं. सोड आता."

"कुठं मारलंस?"

"तू म्हणशील तितं."

हे शब्द मी ऐकले. आज झोपेत कुणी विचारलं तरी सांगेन, मला ते स्पष्ट ऐकू आले होते. तू म्हणशील तिथं. ज्यानं मारलंय तो असं बोलेल का, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला फक्त 'मारलं' एवढंच हवं होतं आणि ते मिळालं होतं. मी दांड्यावर दोन्ही हात ठेवून अंगातला सगळा जोर लावला.

पुढच्याच क्षणी माझ्या तोंडावर पेट्रोल आलं.

भाग धुवायची वाटी दादानं माझ्या डोळ्यांवर फेकली होती. डोळ्यात तिखट कोंबल्यासारखी आग झाली. मी दांडा सोडून मागं कोलमडलो, भिंतीवर आदळलो. काही दिसेना. दादाचे पाय घासत जाताना ऐकू आले, मग शिकंजा उलटा फिरल्याचा आवाज आणि बसगोंडा धपकन खाली पडल्याचा. डाव्या हातानं दादानं तो दांडा कसा सोडवला असेल, मला आजही कळत नाही. मी आवळलेला शिकंजा दोन हातांच्या माणसाला सुटायचा नाही.

"दादा, काय केलंस ह्ये? का सोडलास त्याला?"

दादानं माझं मनगट पकडलं, मूठ उघडली आणि माझ्या हातात काहीतरी कोंबलं. ते फडकं होतं. त्यानं माझाच अंगठा धरून त्या फडक्यावर घासला. एकदा, दोनदा.

मला दिसत नव्हतं म्हणूनच कदाचित कळलं. बोटाखाली ग्रीस होतं. चिकट, कडक, कडेला खडे झालेलं. अंगठ्यानं दाबलं तरी पसरत नव्हतं. माझी बोटं या धंद्यात चौदा वर्षं मुरलेली. ग्रीसचं वय त्यांना विचारावं, त्यांनी सांगावं. असं व्हायला दहा वर्षं लागतात, कदाचित बारा.

दादाच्या लेन्समध्ये मी ताजं ग्रीस भरलं होतं. त्याला अकरा महिने झाले होते.

ही लेन्स दादाची नव्हती. तासाभरापूर्वी तिचे आटे माझ्याच हातात करकरले होते, तो डिंक मीच डोळ्यांनी पाहिला होता. कुणी शिकाऊ पोरगं असतं तरी म्हणालं असतं, ही लेन्स दहा वर्षांत कुणी उघडलेली नाही. मी खूण वाचली आणि माझं डोकं तिथंच थांबलं. दादानं मात्र मळ पुसता पुसता सगळं ओळखलं होतं. डबा आपटून, फडकं दाखवून तो मला तेच सांगत होता आणि मला वाटलं, तो मार म्हणतोय.

"जु...नं," दादा म्हणाला. त्या दिवशी त्याला फुटलेला तो एकच शब्द.

मी चाचपडत बसगोंडाकडं गेलो. तो भिंतीला टेकून, हात पोटाशी धरून बसला होता. माझी चाहूल लागताच तो लहान मुलासारखा किंचाळला. मी शटर वर केलं आणि बोळात उभा राहून लोकांना हाका मारल्या, "कुणीतरी रिक्षा आणा रं!" रिक्षात त्याच्या शेजारी दादा बसला. मला त्यानं हातानंच लांब ठेवलं. मी डोळे धुतले आणि पोलिसांची वाट बघत पायरीवर बसून राहिलो.

कोर्टात सगळं उलगडलं. लेन्स बसगोंडाच्या मेहुण्याची होती, सांगलीच्या. मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं बंद, म्हणून यानं ती न विचारता कपाटातून उचलली होती. दोनदा खोटं बोलला ते एवढ्यासाठी. ती लेन्स पूर्वी कुणी उघडली होती, तेही निघालं. सांगलीचे दस्तगीर मिस्त्री, साठीचे, पिंजऱ्यात उभे राहिले. वकीलसाहेबांनी त्यांच्या हातात नळ्या दिल्या.

"खूण माझी हाय साहेब," ते म्हणाले. "माझ्या उस्तादांनी दिलेली. गुलाबभाई म्हणून होते कोल्हापुरात. निस्ती मला एकट्याला दिली होती."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी खाली बघितलं. गुलाबभाईंनी आणखी किती जणांना हात धरून ती खूण एकट्याची म्हणून दिली असेल, देव जाणे. त्यात त्यांचं काही पाप नव्हतं. आपण उस्तादांचे लाडके आहोत असं वाटलं की पोरगं मन लावून काम करतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मायेचा मी पुरावा केला. त्याच दिवशी मी गुन्हा कबूल केला आणि दोन वर्षं कळंब्याच्या तुरुंगात काढली. दादाला ज्यांनी मारलं ते कधीच सापडले नाहीत.

सुटून आल्यावर दुकान उघडलं तेव्हा तालमीत जाणं मी बंद केलं होतं. गिऱ्हाईक फारसं येत नव्हतं. बोटं मोडणाऱ्या मिस्त्रीकडं कोण येणार? दादा मात्र सकाळी न चुकता येऊन स्टुलावर बसायचा.

आणि एका दुपारी दारात बसगोंडा उभा राहिला.

मी उठून उभा राहिलो. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. त्यानं काखेतली पिशवी काउंटरवर ठेवली आणि आतून ती लेन्स काढली. कोर्टाचा मुद्देमाल म्हणून राहिली होती, नंतर कुणीतरी जोडली होती. त्यानं ती उजव्या हातात धरली. मधली दोन बोटं ताठ होती, काटकीसारखी. अंगठा, तर्जनी आणि करंगळी यांच्यात रिंग पकडून तो फिरवायला लागला. ती जागची हलली नाही.

"मेहुण्यानं मलाच देऊन टाकली," तो म्हणाला. "दस्तगीर मिस्त्रीनं जोडली. झाली न्हवं झ्याक? पण माझ्याच्यानं फिरत न्हाई. धंदा बसलाय माझा."

माफी मी कोर्टात मागितली होती, तुरुंगातून पत्रातही लिहिली होती. त्यानं पत्राचं उत्तर दिलं नव्हतं.

"सांगलीत चांगले मिस्त्री हाईत," मी म्हणालो. "दस्तगीरचाचा हाईत. माझ्याकडं कशापायी आलासा?"

बसगोंडानं माझ्याकडं सरळ बघितलं.

"त्यांनी इचारलं, किती हलकी करू, तर मला सांगता येईना," तो म्हणाला. "ह्या बोटांत किती जोर ऱ्हायलाय, ते तुझ्याबिगर कुणाला म्हाईत हाय?"

तो स्टुलावर बसला नाही. दाराजवळ उभा राहिला, शटरच्या बाहेर एक पाय ठेवून.

मी भिंग लावलं. तीन स्क्रू काढले. नळ्या सोडवल्या, धुतल्या. दादानं मळ फडक्यावर पुसला आणि फडकं बसगोंडाला दाखवलं. आट्यांना मी नेहमीचं ग्रीस लावलं नाही. घड्याळाच्या तेलात कणभर ग्रीस मिसळून काडीच्या टोकानं एकेका आट्याला लावत गेलो. जास्त झालं तर तेल काचेवर उतरतं, कमी झालं तर रिंग ओढते. दस्तगीरचाचांच्या खुणेवर नळी परत जोडली. स्वतःची खूण मी त्यानंतर कुठल्याच लेन्समध्ये केली नाही, जी असेल तिच्यावरच जोडत आलो.

रिंग बसवून मी फिरवून पाहिली. मला ती फार हलकी वाटली. पण माझी बोटं धड होती, त्यांना विचारून उपयोग नव्हता. मी लेन्स दादापुढं केली.

दादानं ती डाव्या हातात धरली. मग तीन वर्षांत जो हात त्यानं मांडीवरून उचलला नव्हता तो उजवा हात उचलला, न मिटणारी बोटं रिंगवर टेकवली आणि नुसत्या तळव्यानं ढकलली. रिंग फिरली. पार शेवटापर्यंत गेली आणि परत आली.

"लो...णी," दादा म्हणाला.

दाराजवळचा बसगोंडा पुढं आला आणि त्यानं आपला हात लेन्ससाठी पसरला.